शोध त्यांनी लावायचे आणि आपण फक्त पार्टची वाट बघायची?

कोपरखैरणेकर:
काल सोसायटीच्या मीटिंगला परत त्या खत मशीनवरून राडा. ओला कचरा जागेवरच जिरवायचा म्हणून चार लाख घालून बाहेरच्या डिझाईनचं मशीन घेतलं, सहा महिन्यांत हीटर गेला, पार्ट येतोय येतोय करत तीन महिने झाले, सध्या मशीनवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर मांजर. सेक्रेटरी म्हणतात फॉरेनचं इथे चालतच नाही. माझं म्हणणं, आपण स्वतः काही शोधतच नाही हा खरा घोळ आहे. २०२०-२१ चा सरकारी आकडा बघा, रिसर्चवर जीडीपीच्या ०.६४ टक्के! मग दुसऱ्याच्या दारात उभं राहायला लागणारच ना.

ठाण्याची मामी:
अहो त्या मशीनला काय माहीत आपला कचरा कसा असतो ते. आमटी, भात, कलिंगडाच्या साली, नुसतं पाणी! आमच्याकडे विटांचे दोन हौद आहेत, तळाला नारळाच्या शेंड्या, वरून सुका पाला आणि आंबट ताक, सफाईवाल्या मावशी दोन-तीन दिवसांनी कुदळीने खालीवर करतात, बास. पावसाळ्यात पाला जरा जास्त. हीटर नाही की पार्ट नाही. ही टेक्नॉलॉजी नाही होय?

कोपरखैरणेकर:
मामी, चाळीस घरांना ठीक आहे. चारशे फ्लॅटच्या टॉवरला हौद कुठे बांधणार, पोडियमवर?

ऐरोलीचा पंपवाला:
दादा, तुझ्याच कोपरखैरणेत बघ की. सांडपाण्यात हवा सोडायची आणि गाळातल्या जिवाणूंना घाण खायला लावायची ही पद्धत अर्डर्न आणि लॉकेटने मँचेस्टरमध्ये १९१४ साली मांडली. एकाच टाकीत भरायचं, हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं. तेव्हा व्हॉल्व्ह हाताने फिरवावे लागायचे म्हणून ती पद्धत मागे पडली, पुढे ऑटोमॅटिक कंट्रोल आले तशी एसबीआर नावाने परत आली. नवी मुंबईचं सांडपाणी आज त्याच जातीच्या प्लांटमध्ये जातं, वर कोपरखैरणे आणि ऐरोलीला रोज २-२ कोटी लिटरचे प्लांट आहेत, तिथे ते पाणी आणखी गाळून टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कारखान्यांना देतात. शोध कुठला आणि उपयोग कुठे!

कोपरखैरणेकर:
आणि त्या प्लांटमधले पाणी गाळायचे पडदे म्हणजे मेंब्रेन, सेन्सर कोणाचे? एलईडीचंही तेच झालं. निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल, शोध जपानमधला. आपण काय केलं, सरकारने घाऊक खरेदी करून ३१० चा बल्ब ३८ वर आणला. याला घासाघीस म्हणतात, शोध नाही.

ठाण्याची मामी:
घासाघीस केली म्हणूनच गावागावात बल्ब पोचला हो! फ्रीजच्या मागचं स्टिकर वाचा, आर६००ए लिहिलेलं दिसेल बहुतेक. मेकॅनिक सांगत होता, हा साधा आयसोब्युटेन, ओझोनला धक्का नाही. नव्वदच्या सुरुवातीला जर्मनीत ग्रीनपीसने असा फ्रीज करवून घेतला आणि मुद्दाम पेटंटच घेतलं नाही. म्हणून तो आपल्याकडेही बनला. अडचण शोधाची नाही, कुलुपाची आहे.

पंपवाला:
मामी सिक्सर 😄

कोपरखैरणेकर:
कुलूप उघडं मिळेल याची वाट बघत किती दिवस बसायचं? सगळेच ग्रीनपीस नसतात. असो, आत्ताच पार्टवाल्याचा फोन आला, म्हणतो ते मॉडेलच बंद झालं. मामी, रविवारी हौद बघायला येऊ का?