जिवंत इतिहास गाव: लहान मुलं, आजी आणि एकच दिवस
प्रश्न: जिवंत इतिहास गावात, म्हणजे जुनी घरं आणि जुनी कामं करून दाखवणाऱ्या खुल्या संग्रहालयात, एक दिवस जायचंय. मुलं ४ आणि ९ वर्षांची, सोबत आजी. बाबागाडी न्यावी का? आधी काय बघावं?

उत्तर १: सगळं बघायचा हट्ट सोडा. दारातच प्रात्यक्षिकांच्या वेळा बघून घ्या, बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. लोहाराकडे जाताना मुलांना सुती कपडे घाला. नायलॉनला ठिणगीने लगेच भोक पडतं.

उत्तर २: लोणी घुसळणं चुकवू नका. साय १५ अंशांच्या आसपास असेल तर साधारण अर्ध्या तासात लोणी येतं. गरम असेल तर लोणी मऊ, चिकट होतं आणि ताक नीट सुटत नाही. फार गार असेल तर बसा घुसळत! आधी दांडा जड होत जातो, मग एकदम छपछप आवाज येतो, पिवळे कण दिसतात. धाकट्याला नेमका तेव्हा दांडा द्या, आधी दिलात तर तो दोन मिनिटांत कंटाळेल.

उत्तर ३: बाबागाडी नकोच. दगडी वाटांवर चाकं अडकतात, उंबरे उंच असतात. आजींना उन्हातून घरात शिरल्यावर दारातच क्षणभर थांबू द्या; आत अंधार, वर ठेंगणी चौकट.

उत्तर ४: स्टॉकहोमचं स्कान्सेन हे असंच खुलं संग्रहालय १८९१ साली उघडलं, तिथेही जुनी घरं मूळ जागेवरून हलवून आणलेली. थोरल्याला तुळयांवर कोरलेले जोडणीचे क्रमांक (कोणती तुळई कुठे बसते ते सांगणारे) शोधायला सांगा.