अंबडच्या लॅबमध्येही मटेरियल सायन्सच चालतं

'मटेरियल सायन्स करायचं तर नाशिक सोडा, इथे नुसते कारखाने' असं इथे एकाने लिहिलंय. (मटेरियल सायन्स म्हणजे धातू आणि इतर पदार्थांची रचना नि गुणधर्म यांचं शास्त्र.) पदवीपुरतं मान्य. त्यातलंच धातुशास्त्र शिकायला सीओईपी पुणे, व्हीएनआयटी नागपूर नाहीतर आयआयटी मुंबई गाठावी लागते. पण कारखान्यांना 'नुसते' म्हणू नका हो! मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलण्याच्या, लॅबमध्ये आहे. ९०० अंशांच्या वर कार्बुरायझिंग (पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवणं) होऊन गिअर तेलात क्वेंच झाला, म्हणजे झटकन थंड केला, की त्याचा तुकडा कापायचा, आरशासारखा पॉलिश करायचा, नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली मार्टेन्साइट (झटकन थंड झाल्यावर होणारी कडक रचना) कसं बसलंय, ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादातली रचना) किती शिल्लक राहिलंय ते बघायचं. मग वरच्या थरापासून आतपर्यंत हार्डनेस मोजत केस डेप्थ, म्हणजे कडक थराची खोली, काढायची. पुस्तकातला फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला, किती कार्बनला कुठली रचना ते दाखवणारा आलेख) इथे रोज भेटतो, आणि अंदाज चुकला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

दुसरं, फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांनी दार बंद समजू नये. गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेत एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये मटेरियल सायन्स हा विभाग निवडता येतो आणि काही आयआयटींत या विषयाच्या एमटेकला एमएस्सीवाल्यांनाही घेतात. पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, सिनिअरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.