शब्दचर्चा: हृदयाची ‘लय’ की हृदयाचा ‘ताल’?

प्रश्न

आईचा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, “रेट नॉर्मल आहे, ऱ्हिदम थोडा इररेग्युलर आहे, एक्स्ट्रा बीट्स दिसतायत. काळजीचं काही नाही.” घरी आल्यावर आईने विचारलं, “म्हणजे काय रे?” मी सांगितलं, “लय थोडी बिघडलीय.” सांगितलं खरं, पण ते मलाच खटकत राहिलं. लय म्हणजे वेग ना? मग रेटला काय म्हणायचं आणि ऱ्हिदमला काय? शिवाय ठोका, स्पंदन, आकुंचन हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत का?

प्रतिसाद

तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. गाण्यात लय म्हणजे दोन मात्रांमधलं अंतर. ते वाढलं की विलंबित, घटलं की द्रुत. ताल म्हणजे त्या मात्रांची ठरलेली बांधणी. तीनताल कितीही संथ वाजवला तरी मात्रा 16च राहतात आणि सम पहिल्यावरच येते. हृदयालाही हेच लावा. जिना चढताना ठोके 70चे 120 झाले तर लय वाढली, ताल शाबूत आहे. उलट मिनिटाला 72 ठोके भरतात पण अंतरं वेडीवाकडी आहेत, तर लय जागेवर आणि ताल गेला. आईंच्या बाबतीत हा दुसरा प्रकार दिसतोय. म्हणून रेटला ‘गती’ किंवा ‘लय’ आणि ऱ्हिदमला ‘ताल’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या तीन शब्दांबद्दल. ठोका हा आवाजाचा शब्द आहे, आणि तो आवाज झडपा मिटताना होतो. म्हणून एका ठोक्यात ‘लब’ आणि ‘डब’ असे दोन आवाज असतात. आकुंचन हे स्नायूचं काम. स्पंदन म्हणजे आकुंचन आणि सैलावणं धरून झालेली अख्खी फेरी. मनगटाला लागते ती नाडी, म्हणजे रक्ताच्या धक्क्याची लाट. तिला स्पंदन म्हणू नये.

प्रतिसाद

‘आकुंचन’वर थोडं थांबू या. शब्द फार जुना आहे. वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार सांगितलेत, उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. म्हणजे आकुंचनाची जोडी तेव्हापासूनची. पण शाळेत आपण हीच जोडी तापलेल्या लोखंडासाठीही शिकतो, आणि तिथे घोटाळा होतो. लोखंड गार झालं की आपसूक आकसतं. हृदयाचा स्नायू आकसतो तो काम करून. पेशीत बाहेरून थोडं कॅल्शियम शिरतं, त्यामुळे आतल्या साठ्यातलं पुष्कळ कॅल्शियम सुटतं, आणि मग अॅक्टिन-मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात. सैल होतानाही ते कॅल्शियम उपसून परत साठ्यात भरावं लागतं, त्यालाही ऊर्जा लागते. म्हणून ‘प्रसरण’पेक्षा मला ‘शिथिल होणे’ जास्त नेमकं वाटतं.

कॅल्शियमचा शोधही ऐकण्यासारखा आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून पाहत होते. ते उत्तम चालत होतं. नंतर कळलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदय थंडावत जाई. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हेच त्याचं कारण, हे त्यांनी 1883 मध्ये मांडलं.

प्रतिसाद

बोलीतलं ‘आखडणे’ चालेल का? पोटरीचा स्नायू आखडतो म्हणतोच की आपण.

प्रतिसाद

नको. आखडलेली पोटरी आखडूनच राहते, आणि हृदयाला ते करता येत नाही, हीच तर त्याची थोरवी आहे. हृदयाच्या पेशीवर एक संदेश आला की पाव सेकंदाच्या आसपास ती दुसरा संदेश घेतच नाही. तेवढ्यात आकुंचन उरकत येतं. त्यामुळे सलग आकसून राहणं होतच नाही, मध्ये सैल व्हावंच लागतं आणि तेव्हाच रक्त भरतं.

प्रश्नकर्ता

मग ‘काळजाचा ठोका चुकला’ याचं काय? आई अगदी हेच म्हणते. “मधेच एक चुकतो आणि मग धाडकन एक येतो.”

प्रतिसाद

आईंनी हुबेहूब वर्णन केलंय. पण ठोका चुकलेला नसतो, तो आधीच पडलेला असतो. नेहमीचा इशारा येतो तो वरच्या उजव्या कप्प्यातल्या सायनस नोडकडून. ही गाठ कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये दाखवली. कधीकधी दुसरीच एखादी जागा घाईने इशारा देते. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. मग मोठी विश्रांती. त्या वेळात हृदय जास्त भरतं, स्नायू जास्त ताणला जातो, आणि जास्त ताणला की तो जास्त जोराने आकसतो. तेच ते ‘धाडकन’. तबल्याच्या भाषेत, कोणीतरी समेच्या आधीच थाप मारली.

आईंच्या मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर बघा, खंड आणि त्यानंतरची भरीव नाडी तुमच्या बोटांनाही कळेल.

बाकी ‘काळीज’ मुळात यकृताचा शब्द. मटणाच्या दुकानात आजही काळीज मागितलं तर यकृतच मिळतं.

प्रतिसाद

लय कोण ठरवतं, हेही लिहायला हवं. सायनस नोड एकटा सोडला तर मिनिटाला सुमारे 100ने चालेल. बसल्या जागी आपले 70 असतात ते व्हेगस मज्जातंतूने लगाम धरल्यामुळे. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला आणि त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं. तेही मंदावलं. म्हणजे लगाम रसायनाचा आहे. अॅड्रेनलिन, ताप, रक्तात वाढलेलं थायरॉइडचं संप्रेरक हे लय वाढवतात. रक्तातलं पोटॅशियम बिघडलं तर मात्र ताल धोक्यात येतो.

आणि कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर, आपली बिट्टी. तिच्या बियांतलं विष लय मंदावतं आणि तालही मोडतं, त्याने माणसं दगावतात. घरात लहान मूल असेल तर ते झाड ठेवू नका, हे कळकळीने सांगतो.

एक अपवाद. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होते, तरुणांत तर स्पष्टच. तो तालभंग नाही. तिथे ‘लयीचं झुलणं’ म्हणावं.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईच्या मनगटावर बोटं ठेवली. अकराव्या ठोक्यानंतर खंड पडला, मग एक भरीव आली. तिला म्हटलं, “लय चांगली आहे, ताल मधेच चुकतो. एक ठोका घाई करतो, एवढंच.” ती म्हणाली, “मग त्याला घाईचा ठोका म्हण ना.”