‘साथ’, ‘संसर्ग’ की ‘मरतुक’? डॉल्फिनांच्या आजारांसाठी नेमका शब्द

प्रश्न (वेंगुर्ले)
मालवण-वेंगुर्ल्याच्या उथळ समुद्रात दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त ठरलेला आहे. त्याच्याविषयी शाळांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिताना मी ‘इतर समुद्रांत डॉल्फिनांमध्ये टॉक्सोप्लाझ्मोसिसची साथ आढळते’ असे लिहिले होते (हा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे होणारा रोग). सहकाऱ्यांनी ‘साथ’ खोडून ‘संसर्ग’ केले. हा भेद अर्थाचा आहे की केवळ आवडीचा? ‘संसर्गजन्य’ आणि ‘सांसर्गिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर (रत्नागिरी, पशुवैद्यक)
भेद अर्थाचाच आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नद्यांतून समुद्रात उतरतो आणि तेथे अन्नसाखळीतून सस्तन प्राण्यांच्या पोटात जातो. न्यूझीलंडचे हेक्टर व माउई डॉल्फिन, हवाईचे मंक सील आणि कॅलिफोर्नियाचे समुद्री ऊदमांजर यांच्या मृत्यूंमागे हा रोग आढळला आहे. मात्र एक आजारी डॉल्फिन शेजारून पोहला म्हणून दुसऱ्याला तो होत नाही. म्हणून येथे ‘संसर्ग’ योग्य, ‘साथ’ नव्हे.

उत्तर (देवगड, निवृत्त शिक्षक)
निष्कर्ष मान्य आहे, कारण मात्र पटत नाही. पटकी (कॉलरा) दूषित पाण्यातून होत असे, तरीही आपले आजी-आजोबा ‘पटकीची साथ’च म्हणत. ‘साथ’ हा शब्द रोगाचा मार्ग सांगत नाही. थोड्या काळात, एका टापूत पुष्कळ जण आजारी पडले एवढेच तो सांगतो. टॉक्सोप्लाझ्मोसिसने होणारे मृत्यू बहुधा विखुरलेले असतात, म्हणून तेथे ‘साथ’ बसत नाही. मार्ग सांगण्याचे काम ‘संसर्गजन्य’ आणि ‘सांसर्गिक’ या जोडीचे आहे. ‘संसर्ग’ म्हणजे मुळात सहवास, ‘दुर्जनांचा संसर्ग टाळावा’ यातला. पण आजच्या वैद्यकीय मराठीत शरीरात शिरलेल्या कोणत्याही रोगजंतूला तो लावला जातो, त्यामुळे ‘संसर्गजन्य’ हा व्यापक शब्द झाला आहे. निकट सहवासातून पसरणाऱ्या रोगासाठी ‘सांसर्गिक’ राखून ठेवावा. दोन्ही शब्द मिसळले तर मांजराची विष्ठा समुद्रात जाऊ न देणे हा उपाय वाचकाला सुचणारच नाही.

उत्तर (रत्नागिरी, पशुवैद्यक)
‘साथ’ आणि ‘सांसर्गिक’ हे दोन्ही शब्द ज्याला शोभतात ते उदाहरण मॉर्बिलिव्हायरसचे आहे. माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि आपल्या जुन्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक असलेली, २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झालेली गुरांची बुळकांडी हे सारे याच कुळातले. १९८८ मध्ये उत्तर समुद्राच्या परिसरात याच कुळातील विषाणूने सुमारे १८ हजार सील मेले आणि २००२ मध्ये साथ पुन्हा आली. ब्राझीलच्या सेपेटिबा उपसागरात २०१७-१८ मध्ये अशाच विषाणूच्या साथीत २०० हून अधिक गियाना डॉल्फिन दगावले. डॉल्फिन कळपाने वर येऊन श्वास सोडतात, तेव्हा विषाणूला आणखी काय हवे? खाडीच्या मुखाशी लहान कळपांनी राहणाऱ्या आपल्या हम्पबॅकच्या संदर्भात ब्राझीलची ही घटना वाचण्यासारखी आहे. मराठीत ‘गोवरवर्गीय विषाणू’ म्हणावे, पण ‘डॉल्फिनांचा गोवर’ म्हणू नये. मुले अंगावरचे पुरळ शोधत बसतील. मंक सीलना या विषाणूविरुद्ध लस देण्याचे काम हवाईत २०१६ पासून सुरू आहे, तेही पत्रकात घ्यावे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. ‘मरतुक’ हा शब्द चालेल का? आमच्याकडे तो कोंबड्यांसाठी रूढ आहे.

उत्तर (देवगड, निवृत्त शिक्षक)
माझ्या मते चालावा. ‘सामूहिक मृत्यू’ म्हटले की सारे एकाच क्षणी मेल्यासारखे वाटते, आणि ‘मोठ्या प्रमाणावरील मृत्यू’ हे कचेरीतले मराठी. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूमुळे हत्ती सीलची सुमारे १७ हजार पिल्ले मेली. त्याला ‘मरतुक’ हा शब्द नेमका बसतो. मात्र त्या रोगाला तेथे नुसते ‘बर्ड फ्लू’ म्हणून सोडू नये, ‘पक्ष्यांकडून आलेला’ एवढे तरी जोडावे.

उत्तर (रत्नागिरी, पशुवैद्यक)
एक पुरवणी. आपल्याकडे मेलेला डॉल्फिन ‘किनाऱ्याला लागला’ की लगेच ‘रोगाने मेला’ असे म्हटले जाते. जाळ्यात गुदमरणे किंवा बोटीचा मार लागणे हीही कारणे असतात आणि शवविच्छेदनाशिवाय त्यांतले कोणते खरे हे ठरत नाही. तोवर पत्रकात ‘मृतावस्थेत आढळला’ एवढेच लिहावे. त्याचबरोबर डॉल्फिनांतील ब्रुसेला जिवाणू माणसालाही बाधू शकतो, म्हणून मुलांनी हात न लावता वन विभागाला कळवावे, हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे.