डायव्हिंगला हवेचा बॅकअप कसा नेता? पोनी (वेगळी छोटी टाकी) घेऊ की ती स्पेअर एअरची छोटी बाटली?

निळाई_पुणे
मंडळी, मागच्या डिसेंबरात हॅवलॉकला अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केला, आत्तापर्यंत २३ डाइव्ह झाल्यात. शेवटच्या दिवशी २७ मीटरवर होतो, बडी (डाइव्हचा जोडीदार) कॅमेरा घेऊन लायनफिशच्या मागे लागला आणि मी गेज बघितलं तर टाकीत ६० बारच दाब उरलेला, मान वर केली तर तो आणि गाइड दोघंही पंधरा-वीस मीटर लांब, पाठमोरे. झालं काहीच नाही, टाकीवर क्लिप आपटून आवाज केला, गाइड वळला, नीट वर आलो. पण ते दहा-बारा सेकंद काही केल्या डोक्यातून जात नाहीत. सगळे म्हणतात ऑक्टोपस (तोंडात धरायचा जादा रेग्युलेटर) आहे की, पण ऑक्टोपससुद्धा त्याच टाकीवर, टाकीच्या तोंडाला लागणाऱ्या त्याच फर्स्ट स्टेजवर ना? टाकीच संपली तर दोन्ही तोंडं कोरडी.
तर आता स्वतःची वेगळी हवा न्यायची ठरवलंय. हाताच्या पंजाएवढी स्पेअर एअर मिळते ती सोपी वाटते, पोनी अवजड वाटते. जानेवारीत परत अंदमान आहे. कोण काय वापरतं, कुठे बांधता, सगळं सांगा.

लेस्टरचा_पाणबुडा
ताई, आधी आकडेमोड करू, मग वस्तू आपोआप ठरेल. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटरही ओढतो. २७ मीटरवर दाब ३.७ बार, म्हणजे तिथे नुसतं गोंधळ निस्तरण्यात एक मिनिट गेलं तरी १५० लिटर गेले. मग मिनिटाला ९ मीटरने वर यायचं, तीन मिनिटं, सरासरी दाब २.३५ धरला तर २८० लिटर. ५ मीटरवर सुरक्षेसाठी थांबायचा तीन मिनिटांचा स्टॉप, १८० लिटर. झाले ६१० लिटर.
आता बघा, स्पेअर एअरची मोठी बाटली ८५ लिटरची, छोटी ४८ ची. २७ मीटरवर ८५ लिटर म्हणजे अर्धं मिनिट. ८-१० मीटरवरून सरळ वर यायला ती ठीक आहे, तुमच्या डाइव्हला नाही. १९ क्युबिक फुटी पोनीत ५४० लिटरच्या आसपास, ३ लिटरच्या टाकीत २०० बारला ६००, ४० क्युबिक फुटीत ११०० च्या वर. माझ्याकडे ३ लिटरची आहे, इकडे इंग्लंडमध्ये बऱ्याच जणांकडे तीच दिसते. स्टॉपपर्यंत श्वास जरा शांत झालेला असतो म्हणून ६०० मध्ये निभतं, ३० मीटरच्या पुढे मात्र मी ४० फुटीच घेतो.
आणि एक सांगतो, रागावू नका. ६० बार म्हणजे तुमच्या ११ लिटरच्या टाकीत साधारण ६६० लिटर, एकटीला जेमतेम. त्या क्षणी बडीची हवा संपली असती तर दोघांना पुरलीच नसती. पोनी घ्या, पण किती बारला वर निघायचं तो आकडा आधी बदला, पोनीची हवा त्या हिशोबात धरायचीच नाही.
माझा अनुभव, स्टोनी कोव्ह, फेब्रुवारी, २२ मीटर, पाणी ५ डिग्री. रेग (रेग्युलेटर) गोठून फ्री फ्लो झाला, म्हणजे हवा सुटली ती थांबेचना, तोंडासमोर नुसता फेस, मास्कमधून हातसुद्धा दिसेना, आवाज इतका की विचार सुचत नाही. अशी टाकी दोन-तीन मिनिटांत रिकामी होते. पोनी डाव्या कुशीला आडवी लटकवलेली होती आणि तिचा रेग गळ्यात इलास्टिकच्या दोरीत, हनुवटीखाली. हात घातला, तोंडात घेतला, वर आलो. पाठीमागे असता तर जाड ग्लोव्ह घालून चाचपडत बसलो असतो.

मालवणचो_इन्स्ट्रक्टर
वरच्या दादांचं गणित बरोबर. मी दुसरी बाजू सांगतो, कारण पोनीमुळेच माणूस अडचणीत आलेला मी बघितलाय. एक पाहुणा, पोनी मोठ्या टाकीला बाजूने क्लॅम्प केलेली, दोन्ही रेग काळे, एकसारखे. बोटीवरून उडी मारताना चुकून पोनीचा तोंडात. मेन गेज बघतोय तर २०० बार, काटा हलत नाही, तरी गडी खूश. १८ मीटरवर श्वास जड झाला तेव्हा कळलं. बडी शेजारी होता म्हणून वाचला.
तेव्हापासून माझा नियम, पोनीच्या रेगचं माउथपीस वेगळ्या रंगाचं, तिला स्वतःचं छोटं गेज, आणि उडी मारण्याआधी तोंडात जाणाऱ्या माउथपीसचा रंग बघायचा.
बाकी मालवण-तारकर्लीला तुमची ट्रायल डाइव्ह असेल तर हे काहीच नको, पाणी उथळ, इन्स्ट्रक्टर हात धरून असतो. नेत्राणीला किंवा अंदमानच्या खोल पॉइंटला माका वाटता पोनी घेण्यात अर्थ आहे. पण विमानात टाकी न्यायची म्हणजे रिकामी करा, व्हॉल्व्ह काढा, काउंटरवर समजावत बसा. टेक्निकल कोर्स घेणाऱ्या दुकानाला आत्ताच मेल टाका, त्यांच्याकडे ४० फुटी असतात, भाड्याने घ्या. रेग तेवढा स्वतःचा न्या.

निळाई_पुणे
रागावले अजिबात नाही, ६६० चा हिशोब वाचून पोटात गोळा आला खरं. स्पेअर एअरचा विचार सोडला. अजून एक विचारते, लटकवलेल्या पोनीचा व्हॉल्व्ह पाण्यात उघडा ठेवायचा की बंद?

लेस्टरचा_पाणबुडा
यावर दोन तट आहेत. मी आधी उघडतो, नळीत दाब भरतो, मग बंद करतो. चुकून तोंडात गेलाच तर एक-दोन श्वासांत हवा थांबते आणि चूक लगेच कळते, शिवाय रेग कुठे आपटून फुसफुसला तर पोनी नकळत रिकामी होत नाही. पण मग अंधारातसुद्धा डाव्या हाताने व्हॉल्व्ह उघडता आला पाहिजे, दहा वेळा, डोळे मिटून. ते जमत नसेल तर उघडाच ठेवा. पाठीमागे बांधलेली असेल तर प्रश्नच नाही, उघडाच, तिथे हात पोचत नाही. आणि दाब न भरता बंद ठेवून खोल जाऊ नका, रेगमध्ये पाणी शिरू शकतं.

सातपाटी९१
साइडमाउंट कोणी बोललंच नाही, दोन्ही कुशींना एकेक पूर्ण टाकी, बॅकअप काय तो त्यातच. पण त्याचा वेगळा कोर्स करावा लागतो आणि २३ डाइव्हला मी म्हणेन थांबा. आधी पोनी नीट हाताळायला शिका, लटकवायची सवय पुढे उपयोगी पडतेच.

निळाई_पुणे
ठरलं, ४० फुटी भाड्याने, डावीकडे. मेल टाकलाय दुकानाला. इथल्या स्विमिंग पूलवर सराव करायला आमच्या इन्स्ट्रक्टरनी रविवार दिलाय. क्लिपा वगैरे मलाच न्यायच्यात, काय बघून घेऊ?

मालवणचो_इन्स्ट्रक्टर
स्टेनलेसचे दोन बोल्ट स्नॅप, मोठ्या डोळ्याचे, एक जॅकेटच्या खांद्यावरच्या डी रिंगला (कडीला) आणि एक कमरेच्या. स्नॅप टाकीच्या पट्ट्याला दोरीनेच बांधा, लोखंडी रिंगने नको. जाळ्यात किंवा कुठे अडकला, उघडेना झाला, तर दोरी सुरीने कापता येते.