विषय: गेमिंग कॉम्प्युटर, बजेट बेताचं, मॉनिटर ४के – यादी तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

सुटे भाग आणून गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा आहे. खर्चाला मर्यादा आहे, पण मॉनिटर मात्र ४के हवा. सध्याची यादी:

मॉनिटर: ३२ इंच, ४के, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं)
प्रोसेसर: रायझन ७ ७७००
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ४०६०, ८ जीबी
रॅम: डीडीआर५, १६ जीबीची एक पट्टी
एसएसडी: १ टीबी
पॉवर सप्लाय: कॅबिनेटबरोबर मिळतो तोच, वर ७५० वॅट लिहिलंय

कुठे चुकतंय ते बिनधास्त सांगा.

———

उत्तर:

> मॉनिटर मात्र ४के हवा

घोडं इथेच अडतं. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ८२.९ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, कार्डाला एवढे ठिपके रंगवायचे असतात. १४४०पीवर सेकंदाला जेमतेम ६० फ्रेम देणारं कार्ड ४केवर तिशीच्या आसपास येतं. त्यामुळे मॉनिटर आधी ठरवा, मग कार्ड, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं. तुमची यादी उलट्या बाजूने लिहिल्यासारखी दिसते.

प्रोसेसरचं काम रिझोल्यूशनने (पिक्सेलच्या संख्येने) वाढत नाही. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, हा हिशोब १०८०पीला जेवढा तेवढाच ४केला. म्हणजे पडदा मोठा झाला की कार्डाला घाम फुटतो आणि प्रोसेसर वाट बघत बसतो. इथे ७७००चे आठ कोअर कशाला? रायझन ५ ७६०० घ्या: सहा कोअर, बारा थ्रेड, आणि डब्यातच कूलर मिळतो. ७६००एक्सच्या डब्यात कूलर नसतो, तेव्हा नुसत्या ‘एक्स’वर भाळू नका. वाचलेले पैसे कार्डात टाका.

आता कार्ड. ४०६० वेगाला वाईट नाही, पण ८ जीबी मेमरी तुमच्या पडद्याला पुरणार नाही. मेमरी भरली की टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) मुख्य रॅममध्ये जातात आणि पीसीआयई स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतून, ये-जा करू लागतात. ४०६०ला त्या स्लॉटमधल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात, त्यामुळे रस्ताही अरुंद. गंमत म्हणजे सरासरी फ्रेमरेट तेव्हाही बरा दिसतो. पण कोपऱ्यावर वळलात की खाडकन झटका बसतो, नाहीतर समोरची भिंत धूसर राहते आणि जवळ गेलं तरी स्पष्ट होत नाही. असं झालं की लोक सावल्या कमी करतात. कमी करायची असते टेक्श्चरची पातळी.

तेव्हा आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय, दोन्हींपैकी कोणतंही, पण १६ जीबीचं. ही दोन्ही कार्डं त्याच नावाने ८ जीबीतही विकली जातात, म्हणून डब्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या. हे परवडत नसेल तर आर्क बी५८०, १२ जीबी. त्याला एक अट: बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू हवं. ते नसेल तर कार्ड चक्क लंगडतं. जुन्या प्रोसेसरबरोबरही ते मागे पडतं, ७६००बरोबर चालेल.

———

उत्तर:

वरच्या मेलशी सहमत. माझं लक्ष मात्र तुमच्या शेवटच्या ओळीवर गेलं.

> कॅबिनेटबरोबर मिळतो तोच, वर ७५० वॅट लिहिलंय

तो कॅबिनेटसकट परत ठेवा. पॉवर सप्लायच्या कडेला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. चांगल्या ६५० वॅटच्या सप्लायवर ५४ अँपिअर असतात, म्हणजे ६४८ वॅट. जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच जेवतात. भुक्कड सप्लायमध्ये ३.३ आणि ५ व्होल्टचे वॅट मिळवून मोठा आकडा छापलेला असतो.

तुमची गरज तशी फार नाही. ७६०० ताणला तर ८८ वॅटपर्यंत जातो, ५०६० टीआय १८०, बाकी पंखे-एसएसडी-बोर्ड धरून सव्वातीनशेच्या घरात. चांगला ५५० पुरतो, ६५० घेतला तर पुढचं कार्डही निभेल. ‘८० प्लस गोल्ड’ हा वीज किती वाया जाते त्याचा दाखला आहे, आतल्या कामाच्या दर्जाचा नव्हे. वॉरंटी किती वर्षांची आहे, हे त्याहून जास्त सांगून जातं.

आणि मॉड्युलर (सुट्या केबलचा) सप्लाय घेतलात तर केबल त्याच्याच डब्यातल्या वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल तोंडाला बसते, पण सप्लायकडच्या पिनांची मांडणी वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव्ह जळालीच समजा.

रॅम: एक पट्टी म्हणजे अर्धी बँडविड्थ. १६ जीबीच्या दोन घ्या, ६००० वेगाच्या, सीएल३० (प्रतिसादाला लागणारा वेळ; आकडा कमी तितका बरा) मिळाल्या तर उत्तम. पुढे वाढवू म्हणून चारही स्लॉट भरायचा बेत करू नका. एएम५वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) चार पट्ट्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो.

———

उत्तर:

दादा, ताई, मनापासून आभार. प्रोसेसर, रॅम, सप्लाय बदलले. पण ४केचा हट्ट गेमसाठी नव्हता. याच मॉनिटरवर दिवसभर मराठी वाचन-टंकलेखनही होणार. जोडाक्षरं आणि अनुस्वार फुटके दिसले की डोळे दुखतात. ३२ इंची १४४०पी चालेल का?

———

उत्तर:

हे आधी सांगायचं ना! आकारासकट हिशोब करा. ३२ इंची १४४०पीवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, म्हणजे २४ इंची १०८०पीइतकेच. पडदा मोठा, अक्षर तेवढंच खरखरीत. २७ इंची १४४०पीला १०९, ३२ इंची ४केला १३८ आणि २७ इंची ४केला १६३. देवनागरीचं दुखणं असं की एका ओळीच्या उंचीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात. लहान टंकात ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात. १०९ला ते वेगळे ओळखू येतात, १६३ला छापील वाटतात.

म्हणजे निव्वळ गेम असतील तर २७ इंची १४४०पी, १४४ हर्ट्झच्या पुढचा, डोळे मिटून. वाचन तेवढंच महत्त्वाचं असेल तर २७ इंची ४के घ्या, स्केलिंग १५० टक्क्यांवर ठेवा, पण गेम मूळ ४केवर चालवायचा विचार सोडा. डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र मोठं करणारी कार्डांची तंत्रं) ‘क्वालिटी’वर ठेवलं की गेम आतून २५६० × १४४०वर रंगतो आणि मग ४केपर्यंत मोठा होतो. ‘परफॉर्मन्स’वर आतून १०८०पी. तरीही थेट १४४०पीपेक्षा हे थोडं जड पडतं, कारण मोठं करायलाही वेळ लागतो आणि मेमरीही जास्त खातं. १६ जीबीचा आग्रह इथे कामी येतो.

६० हर्ट्झचा मात्र नको. अशा पॅनेलवर फ्रीसिंकचा (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणाऱ्या सोयीचा) पट्टा बहुधा ४८ ते ६० एवढाच असतो. ४७वर घसरलात की पट्ट्याबाहेर, चित्र फाटतं किंवा अडखळतं. १४४ हर्ट्झच्या पॅनेलवर ४८च्या खाली गेलं तर तीच फ्रेम दोनदा दाखवून वेळ सांभाळता येते. ६०ला दुप्पट करायला जागाच नाही.

केबलचंही बघा. एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झलाच थांबतं, म्हणून डिस्प्लेपोर्ट लावा. ‘एचडीआर ४००’च्या (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याच्या) स्टिकरसाठी जादा पैसे मोजू नका, बहुतेक पॅनेलमध्ये भागाभागाने उजेड कमी करायची सोयच नसते, नुसता पडदा उजळतो. व्हीए प्रकारच्या पॅनेलला काळा रंग छान, पण अंधाऱ्या दृश्यात मागे शेपूट ओढतं. वाचायचंय तर आयपीएस प्रकारचं पॅनेल.

———

उत्तर:

जोडणीचं थोडं, कारण प्रश्न पुढच्या आठवड्यात येणारच.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहील. बोर्ड मेमरी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका. नंतर बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वर रांगत राहील.

प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला बहिणी, आतून वैरिणी. त्यावर अनुक्रमे सीपीयू आणि पीसीआयई छापलेलं असतं. जात नसेल तर जोर लावू नका.

मॉनिटरची केबल कार्डात, बोर्डाच्या पोर्टमध्ये नव्हे. ७६००मध्ये छोटं ग्राफिक्स असल्याने चित्र तिथूनही येतं, आणि मग ‘कार्ड खराब निघालं’ अशी मेल येते. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ स्वतः निवडा. ते बऱ्याचदा ६०वरच राहिलेलं असतं.

———

उत्तर:

सुधारित यादी: २७ इंची ४के आयपीएस १४४ हर्ट्झ, रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, ९०६० एक्सटी १६ जीबी, रॅम १६ × २, एसएसडी १ टीबी, ६५० वॅट गोल्ड, जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट. आता मागवू का?

———

उत्तर:

कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघितलीत का? कॅबिनेटच्या माहितीत दिलेला आकडा बहुधा पुढे पंखे नसताना मोजलेला असतो. पंख्याचे २५ मिलिमीटर वजा करा. त्यातही बसत असेल तर मागवा.