मदत हवी आहे: स्तनतपासणीच्या मशीनला देणगीदार मिळतात, पुढच्या खर्चाला कोण देतं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात विडी कामगार बायकांसाठी काम करणारा आमचा छोटा ट्रस्ट आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक कामाचा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) सगळं आहे, ऑडिटही वेळेवर होतं. म्हणजे कागदांवाचून काही अडलेलं नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या भागातल्या बऱ्याच बायका पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, मजुरी दर हजार विड्यांमागे. अशा बाईला "उद्या सिव्हिलला जाऊन या" म्हटलं की उद्याची मजुरी गेली. सोबत लेक किंवा जाऊ गेली तर तिचीही गेली.

मागे एका शिबिरात एकीच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी सुईची तपासणी लिहून दिली. काही आठवड्यांनी घरी गेलो तर चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचलेली. "दुखत नाही की हो ताई, मग कशाला?" न दुखणारी गाठच जास्त तपासून घ्यायची असते, हे तिला समजवायला तासभर गेला. त्यानंतर नवऱ्याला समजवायचं होतंच.

आता देणगीदारांचं. एका कंपनीचे सीएसआरवाले मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) व्हॅन द्यायला एका पायावर तयार आहेत. बॅनर, उद्घाटन, फोटो, सगळं ठरलेलं. त्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना "तपासलेल्या महिला". पुढे गाठ निघाली तर सोनोग्राफी, बायोप्सी (गाठीतला नमुना काढून तपासणी), रिक्षाभाडं, बुडालेली मजुरी याचं काय, असं विचारलं तर "ते आमच्या स्कोपमध्ये नाही" आणि "रोख पैसे दिले की ऑडिटला अडचण". दुसऱ्या एका गृहस्थांनी उष्णता मोजणारं मशीन देऊ केलं, हात लावायला नको, काही नको. पण अमेरिकेच्या एफडीएनेच (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ही पद्धत मॅमोग्राफीला पर्याय नाही असं बजावलेलं आहे, म्हणून नम्रपणे नाही म्हटलं. (गृहस्थ रागावलेत. असो.)

आमचा विचार असा: तेलुगू बोलणाऱ्या, वस्तीतल्याच चार मुलींना प्रशिक्षण देऊन हातानेच तपासणी करायची. हे काही आमच्या डोक्यातून आलेलं नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या गटात दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली २० वर्षांचे निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

वर्षाचं बजेट सात-आठ लाख. त्यातला मोठा भाग मुलींचे पगार आणि पाठपुरावा. हेच कुणाला नको असतं. तर:

असा खर्च उचलणारं कुणी माहीत आहे का? आणि "बुडीत मजुरी" प्रस्तावात कशी मांडायची, की ती पाहूनच फाइल बाजूला पडू नये?

प्रतिसाद

ताई, सीएसआरचे प्रस्ताव बघणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगतो. कंपन्या ५ टक्के प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेकडे बोट दाखवतात, पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रकल्प राबवण्याचा, देखरेखीचा थेट खर्च त्यात धरत नाहीत, हे नियमांतच लिहिलंय. तेव्हा मुलींचे पगार "प्रशासन" खाली टाकूच नका, "तपासणी व पाठपुरावा" असं शीर्षक द्या. रोख टाळा, बाईच्या खात्यात पैसे टाका आणि सोबत दवाखान्याच्या केसपेपरची प्रत लावा. बुडीत मजुरीला सरकारी दाखला आहे: नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागात आजारी बाळाला घेऊन दवाखान्यात राहणाऱ्या आईला ती देतात. प्रस्तावात हे एक वाक्य घाला, समोरचा गप्प होतो.

प्रतिसाद

मी परिचारिका होते, आता निवृत्त. पैशाआधी एक गोष्ट करा. ज्या बाईला गाठ निघेल ती नेमकी कुठे जाणार, कोणत्या वारी, कोणाला भेटणार, हे दवाखान्याशी लेखी ठरवा. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचार बसतात, पण केस घालायला बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. म्हणजे गाठ लागल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंतचा तुकडाच उघडा आहे. देणगी फक्त तेवढ्यासाठी मागा, छोटी रक्कम पटकन मिळते. वस्तीत सोनोग्राफी मशीन न्यायचा विचार असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा) कायदा आधी बघा, पोर्टेबल मशीनवर कडक बंधनं आहेत. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटललाही भेटा, खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायचं त्यांचं काम १९८७ पासूनचं आहे. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची तपासणी आहेच, तेव्हा आशाताईंना सोबत घ्या, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही त्यांच्यावर चाल करून आलात.

प्रतिसाद

न्यू जर्सीहून. रोटरीचं ग्लोबल ग्रँट सुचवणार होतो, पण त्याला किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प आणि परदेशातला भागीदार क्लब लागतो. तुमच्या बजेटला ते मोठं पडेल. शिवाय इथून थेट पैसे घ्यायचे तर तुमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगीसाठीची सरकारी नोंदणी) हवं. आहे का?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. एफसीआरए नाही, आणि एवढ्यासाठी तो व्याप करणार नाही. सिस्टर, "उघडा तुकडा" हे अगदी बरोबर सांगितलंत. नवा प्रस्ताव तेवढाच करते, आणि पहिल्या वर्षी पन्नाशीपुढच्या बायकाच घेते. व्हॅनवाल्यांना उद्या फोन करून विचारते की उद्घाटनाचा खर्च सोडून त्यातून बायोप्सीचे पैसे देता का. प्रतिसाद देणाऱ्या सीएसआरवाल्या दादांना विनंती, मसुदा झाला की एकदा नजर टाकाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.